काचेवरची चिळकांडी मंदावली? पंप बदलण्याआधी दाब कुठे हरवतो ते शोधा

काच धुण्यासाठी स्टिअरिंगजवळची दांडी ओढली, पंपाची घरघर ऐकू आली आणि पाण्याच्या दोन बारीक धारा बॉनेटवरूनच ओघळून गेल्या. काचेपर्यंत थेंबही पोचला नाही. वायपर मात्र फिरले आणि कोरड्या काचेवरची धूळ त्यांनी अर्धगोलात सारवून ठेवली. जुनी गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं आणि बहुतेक जण ते चालवून घेतात, कारण गाडी त्यामुळे कुठे अडत नाही. पण पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल एकदा समोरच्या काचेवर येऊ द्या. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पाणी यायला तीन सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात ६५ मीटरपेक्षा जास्त रस्ता तुम्ही न बघता कापलेला असतो. म्हणून हे दुखणं मी ब्रेकच्या आवाजाइतकंच गंभीर धरतो.

माझ्या अठरा वर्षं जुन्या हॅचबॅकची धार अशीच मेली होती. गॅरेजमध्ये नवा पंप बसवून मिळाला, बॉनेट उघडं ठेवून धार दाखवली गेली, धार झकास होती. घरी येऊन दांडी ओढली तर पुन्हा तेच. दोन आठवड्यांनी कारण सापडलं. नळी तिच्या क्लिपमधून निसटून बॉनेटच्या बिजागरीखाली गेली होती. बॉनेट उघडं असलं की मोकळी, बंद केलं की चेपलेली. जुना पंप पूर्णपणे चांगला होता. तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. आधी दाब नेमका कुठे हरवतो ते शोधायचं, मगच पक्कड हातात घ्यायची. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पाण्याचा रस्ता

टाकी, टाकीच्या बुडाशी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यात, खोचलेला छोटा विजेचा पंप, पाणी पंपात शिरतं तिथे बारीक जाळी, तिथून बॉनेटकडे जाणारी बोटापेक्षाही बारीक नळी, वाटेत पाणी मागे उतरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग पाणी दोन बाजूंना वाटणारा टी-जॉइंट आणि शेवटी नोझल, म्हणजे काचेवर धार सोडणारं बारीक छिद्राचं तोंड. एवढाच सगळा कारभार. काही गाड्यांत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वेगळा नसतो, तो टी-जॉइंटमध्ये किंवा नोझलमध्येच असतो. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढच्या आणि मागच्या काचेला एकच टाकी आणि एकच पंप असतो. तो पंप एका दिशेने फिरला की पाणी पुढे जातं, उलटा फिरला की मागे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पंप बारा व्होल्टचा असतो आणि त्यात पाणी भिरकावणारं एक छोटं पंख्यासारखं चाक असतं. त्यामुळे दाब फार नसतो, आणि रस्त्यात थोडीशी अडचण किंवा बारीक गळतीही धारेवर लगेच दिसते. विजेचा पंप नसलेल्या गाड्यांतले उपाय याहून मजेदार होते. १९६०च्या दशकातल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये काचेवर पाणी उडवायला स्टेपनीच्या चाकातली हवा वापरत. स्टेपनीतली हवा कमी झाली की धारही संपली! आपल्या गाडीत निदान चाकं तपासावी लागत नाहीत.

हत्यार न लावता पहिली पाच मिनिटं

आधी टाकीत पाणी आहे का ते बघा. हे सांगायला संकोच वाटतो, पण जुन्या गाडीत पातळी कमी झाल्याचा दिवा बऱ्याचदा नसतो किंवा असला तरी बंद पडलेला असतो. पाणी भरताना झाकण नीट ओळखा. वॉशरच्या, म्हणजे काच धुण्याच्या टाकीच्या झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र असतं. शेजारीच इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी असते आणि गरम इंजिनवर तिचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येऊ शकतं.

टाकी भरलेली असेल तर तिचं झाकण उघडं ठेवून धार मारून बघा. पंप पाणी ओढतो तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला किंवा टाकीच्या गळ्याला बारीक छिद्र असतं आणि ते चिखलाने, मेणाने बुजतं. झाकण घट्ट असताना धार जोरात सुरू होऊन हळूहळू मंदावते आणि झाकण उघडल्यावर सुधारते, असं दिसलं तर काम झालं. छिद्र टाचणीने साफ करा.

आता कान द्या. इंजिन बंद, चावी चालू, एकाला दांडी ओढायला सांगा आणि तुम्ही बॉनेटजवळ किंवा पुढच्या चाकाजवळ उभे राहा. आवाजच नसेल तर प्रश्न विजेचा आहे. आवाज नेहमीसारखा भरीव आहे पण पाणी कमी येतंय, तर अडथळा किंवा गळती. आवाज चढा, मोकळा, नुसतीच मोटर फिरल्यासारखा असेल तर पंपाला पाणीच मिळत नाहीये, म्हणजे टाकीच्या बुडाचा गाळ किंवा जाळी. आणि आवाज मंद, दमलेला, ओढत ओढत येत असेल तर पंपाला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही किंवा मोटर झिजली आहे. दोन-चार गाड्यांचे आवाज ऐकलेत की हा फरक कानाला सहज कळतो. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर हातात घ्यायच्या आधीच अर्धं निदान झालेलं असतं.

मग डोळ्यांनी एक गोष्ट बघा, आणि या एका निरीक्षणाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दोन्ही बाजूंची धार सारखीच कमजोर आहे, की एका बाजूची चांगली आणि दुसरीची मेलेली? एकच बाजू कमजोर असेल तर टाकी, पंप, वायरिंग सगळं निर्दोष आहे. दोष टी-जॉइंटनंतर त्या बाजूच्या दीड-दोन फूट नळीत किंवा नोझलमध्येच आहे. दोन्ही बाजू कमजोर असतील तर दोष बहुधा टी-जॉइंटच्या आधी असतो, किंवा दोन्ही नोझल क्षारांनी सारखीच भरलेली असतात.

दांडी ओढल्यावर पहिले दोन-तीन सेकंद काहीच येत नाही, आणि मग धार ठीक येते, असं असेल तर ते वेगळंच दुखणं आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी धरून ठेवत नाही, नळीतलं पाणी परत टाकीत उतरतं, आणि दरवेळी पंपाला रिकामी नळी पहिल्यापासून भरावी लागते. कधी टी-जॉइंटजवळ हवा ओढणारी बारीक चीरही हेच करते.

दहा सेकंदांचं माप

आता खरी तपासणी. लागणारी वस्तू एकच, मिलिलिटरच्या खुणा असलेलं भांडं. बाळाची दुधाची जुनी बाटलीही चालते.

बॉनेटखाली नोझलच्या बुडाला लागलेली नळी हळूच काढा. जुनी नळी कडक झालेली असते, सरळ ओढली तर नोझलचं प्लॅस्टिकचं नाक तुटतं. आधी गरम पाण्यात भिजवलेलं फडकं तिच्यावर मिनिटभर धरा, मग किंचित फिरवत काढा. नळीचं तोंड भांड्यात धरा, दुसऱ्या बाजूच्या नोझलची नळी बोटाने दाबून बंद करा आणि दहा सेकंद पंप चालवा. किती पाणी आलं ते लिहून ठेवा. पंप एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका आणि कोरडा तर अजिबात नको. आतून जाणारं पाणीच त्याला थंड आणि ओलं ठेवतं.

पाणी नळीतून जोरात आलं तर दोषी नोझल. तिथेच थांबा, पुढचं काही उघडायची गरज नाही. पाणी कमी आलं तर एक टप्पा मागे जा. टी-जॉइंटच्या आधी नळी सोडवून पुन्हा दहा सेकंद. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या आधी. शेवटी थेट पंपाच्या तोंडाला वीतभर मोकळी नळी लावून. पंपापासून लांब जाल तसं माप थोडं घटणारच, नळीत घर्षण असतं. पण समजा पंपाशी २५० मिलिलिटर येतंय, व्हॉल्व्हच्या आधी २३० आणि व्हॉल्व्हनंतर ९०, तर चोर कुठे बसलाय हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. पंपाच्या तोंडाशीच पाणी कमी असेल तर टाकी, जाळी, वीज किंवा खुद्द पंप.

नोझल

सगळ्यात जास्त वेळा इथेच अडतं. क्षारांच्या पाण्याचा पांढरा थर, धूळ, आणि गाडीला पॉलिश केल्यावर छिद्रात बसलेलं मेण. पॉलिशच्या दुसऱ्याच दिवशी धार गेली असेल तर दुसरीकडे शोधूच नका.

नोझल दोन प्रकारची असतात आणि दोघांना वागणूक वेगळी द्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या नोझलमधून एक किंवा दोन सरळ चिळकांड्या निघतात आणि छिद्र एका छोट्या गोळीत असतं. ती गोळी सुईने फिरवून नेम बदलता येतो. दुसऱ्या प्रकारात पाणी पंख्यासारखं पसरून येतं. त्याच्या आत पाण्याला डावी-उजवीकडे झुलवणारी खास आकाराची पोकळी असते, हलणारा भाग एकही नसतो. त्या पोकळीच्या कडांना सुईने ओरखडा पडला तर पंखा पुन्हा कधी नीट उघडत नाही. म्हणून पंख्याच्या नोझलमध्ये सुई घालू नका.

चिळकांडीच्या नोझलमध्येही सुई बाहेरून खुपसून घाण आत ढकलण्यात अर्थ नाही. ती आत जाते, नळीत पडते आणि पुढच्या वेळी पुन्हा छिद्रात येऊन बसते. नोझल बॉनेटमधून काढा. बहुतेकांना खालून दोन कान असतात, ते दाबून वरच्या बाजूला ढकलायचे. थंडीत कान पटकन तुटतात, म्हणून हेअर ड्रायरने थोडं ऊबदार करून घ्या. नोझलला दोन वायरी आलेल्या दिसल्या तर ते गरम होणारं नोझल आहे, आधी त्याचा सॉकेट सोडवा.

काढलेलं नोझल पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात अर्धा तास ते दोन तास बुडवून ठेवा. क्षार विरघळतात. नंतर सुई न लावलेल्या मोठ्या सिरिंजने उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या छिद्राकडून आत, स्वच्छ पाणी दाबा. नोझलमध्ये अंगचाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर उलटं पाणी जाणार नाही. तिथे जोर करू नका, पुढच्या दिशेनेच अनेकदा धुवा. चिळकांडीच्या नोझलमध्ये यानंतर छिद्राच्या मापापेक्षा बारीक तार फिरवा आणि पुन्हा धुवा. काही नोझलच्या बुडात टिकलीएवढी जाळी असते, तीही बघा. व्हिनेगर रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुऊन टाका.

नोझल साफ झालं, धार परत आली, आणि महिन्याभरात पुन्हा बंद? मग घाण नोझलमध्ये तयार होत नाहीये, टाकीतून येतेय. टाकी साफ केल्याशिवाय सुटका नाही.

नळी आणि जोड

नळी दोन प्रकारे दगा देते, चेपते किंवा फाटते. चेपण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. बॉनेटची बिजागरी, बॅटरीच्या पट्टीखाली, एअर फिल्टरच्या खोक्यामागे, आणि कधी काळी अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीत कुठेही. बॉनेट उघडं आणि बंद, दोन्ही स्थितीत धार मारून बघा. फरक पडला तर माझ्याच गाडीचं दुखणं तुमच्या गाडीला आहे.

फाटण्याचं ठिकाणही बहुधा तेच, जिथे नळी रोज वाकते तिथे. गळती शोधायला सगळ्या नळीखाली कोरडा टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र पसरा आणि पंप चालवा. रंगीत वॉशर द्रव असेल तर डाग लगेच दिसतो. बॉनेटच्या आतलं आवरण एका जागी ओलं लागत असेल तर त्यामागेच बघा. टी-जॉइंट हाताने हलवून बघा. प्लॅस्टिकला केसाएवढी चीर असते, जी दाब आल्यावरच उघडते.

फाटलेल्या नळीला चिकटपट्टी गुंडाळू नका, दाबाखाली ती दोन दिवसही टिकत नाही. खराब तुकडा दोन्हीकडून सरळ कापून काढा आणि मध्ये जोडनळी घाला. नळी कडक, पिवळी, बोटाने वाकवल्यावर तडकणारी झाली असेल तर तुकडे जोडत बसण्यात वेळ जातो. पूर्ण लांबीची नवी नळी घ्या. आतला व्यास जुन्याइतकाच हवा. जुन्या नळीचा तुकडा सोबत नेला की चूक होत नाही. नवी नळी चढत नसेल तर तिचं टोक गरम पाण्यात धरा.

मागच्या काचेची धार कमजोर असेल तर नळी छतातून किंवा दाराच्या खालच्या पट्टीतून मागे जाते हे लक्षात घ्या. छताच्या कापडावर डाग, कार्पेटला ओल, डिकीच्या दारातून ओघळ, असं काही असेल तर आधी तिकडे बघा. बहुतेक वेळा डिकीच्या दाराच्या रबरी घडीत नळी तुटलेली असते. त्या घडीतून वायरीही जातात, म्हणून ही गळती लांबवू नका.

नळीत घाण अडकली असेल तर दोन्ही टोकं सोडवून, म्हणजे पंपापासूनही वेगळी करून, मगच हवा मारा. पंप जोडलेला असताना कॉम्प्रेसरची हवा सोडली तर पंपाचं सील किंवा टाकीतलं ग्रोमेट उडतं. सायकलचा हातपंप या कामाला पुरेसा आहे.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह

करंगळीच्या पेराएवढा गोल डबा, त्यावर बाण. बाण नोझलच्या दिशेने हवा. कोणी तरी आधी उलटा बसवून ठेवलेला असू शकतो. काढून धुवा, आणि सिरिंजने एका बाजूने पाणी दाबा. एका दिशेने सहज जायला हवं, दुसऱ्या दिशेने अजिबात नाही. दोन्हीकडून जात असेल तर धार उशिरा येते, जायच्या दिशेनेही अडत असेल तर धार कमजोर येते. तोंडाने फुंकून बघायचा मोह होतो, तो टाळा. वॉशरच्या द्रवात मिथेनॉल असू शकतं आणि ते पोटात जाणं धोक्याचं असतं. हा भाग दुरुस्त होत नाही, नवा बसवायचा.

टाकी आणि तिच्या बुडाचा गाळ

नुसतं पाणी भरत राहिलेल्या जुन्या टाकीत काय साठतं ते एकदा डोळ्यांनी पाहायला हवं. हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर, त्यात मातीचे कण आणि कधी पानांचे तुकडे. वेगवेगळ्या कंपन्यांचे वॉशर द्रव एकमेकांत मिसळले तर काही वेळा त्यांची जेलीसारखी गाठ होते, तीही इथेच बसते. हे सगळं पंपाच्या जाळीला चिकटतं आणि पंप उपाशी राहतो.

टाकी बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकाच्या मडगार्डमागे असते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की चाकामागचं प्लॅस्टिकचं आवरण सैल करायला जागा मिळते, आणि अनेकदा तेवढ्यात हात पंपापर्यंत पोचतो. गाडी उचलायचीच असेल तर जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा.

खाली बादली ठेवा, पंपाचा सॉकेट आणि नळी काढा, मग पंप वर किंवा बाजूला हलवत ग्रोमेटमधून बाहेर ओढा. टाकीतलं सगळं पाणी हातावर येणार, तयारी ठेवा. आता ग्रोमेट बोटाने काढा. बहुतेक गाड्यांत टोपीच्या आकाराची जाळी त्याच्याच आत असते आणि ती नजरेतून सुटते. पंप बदलतात, जाळी तशीच राहते आणि नव्या पंपालाही नावं ठेवली जातात. जाळी जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. फाटली असेल तर नवी टाका. ती काढून टाकून पंप बसवणं म्हणजे सगळी माती थेट पंपात आणि नोझलमध्ये सोडणं.

टाकी निघत असेल तर काढाच. आत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, मूठभर कच्चे तांदूळ, आणि जोरात हलवा. तांदळाचे दाणे कोपऱ्यातला थर घासून काढतात. नंतर दाणा न् दाणा बाहेर आला याची खात्री करा. टाकी निघत नसेल तर पंपाच्या भोकातून पाणी वाहतं ठेवून वरून बाटलीच्या ब्रशने घासा. थर चिवट असेल तर पाण्यात व्हिनेगर घालून तासभर ठेवा. ब्लीच मात्र नको. ते रबराला आणि रंगाला बाधतं, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

ग्रोमेट परत बसवताना फक्त पाण्याने ओलं करा. ग्रीस किंवा तेल लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याभरात टाकी गळायला लागते. ग्रोमेट जुनं, कडक असेल तर याच वेळी बदला.

वीज

जाळी स्वच्छ, टाकी स्वच्छ, तरी पंपाच्या तोंडाशी पाणी कमी येतंय. आता मल्टिमीटर. अशा पंपात चाक फिरण्याचा वेग कमी झाला की दाब त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ढोबळ हिशोब असा की वेग एक पंचमांशाने कमी झाला तर दाब एक तृतीयांशाहून जास्त घटतो. व्होल्टेजमधला थोडासा फरक धारेवर एवढा का दिसतो, ते यातून कळेल.

मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा. आधी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. मग पंपाच्या सॉकेटमध्ये मागच्या बाजूने टोकं टेकवून, पंप जोडलेला आणि चालू असताना मोजा. सॉकेट काढून मोजलं तर आकडा छान दिसतो आणि फसवतो, कारण करंट वाहतच नसतो. चालू पंपावरचा आकडा बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर वाटेत वीज खाल्ली जातेय.

कुठे खाल्ली जातेय? मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं पंपाच्या ऋण वायरीला लावून पंप चालवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. बॉडीला जिथे ती वायर स्क्रूने जोडलेली असते तिथला गंज आणि रंग खरवडून पुन्हा घट्ट करा. अर्थिंग चांगलं असेल तर दोष धन बाजूला. सॉकेटमधली हिरवट बुरशीसारखी दिसणारी तांब्याची काट, फ्यूजच्या पायांवरचा काळेपणा, किंवा दांडीच्या स्विचमधले जळके संपर्क. पहिल्या दोन्हींवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून सॉकेट चार-पाच वेळा काढ-घाल करा. दांडी किंचित वेगळ्या कोनात दाबली की पंप जोर धरतो, असं असेल तर स्विच झिजला आहे. तिथे एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगला हात घालावा लागतो, ते काम मात्र जाणकारावर सोपवा.

सगळ्यात सोपी कसोटी शेवटी सांगतो. दहा अँपिअरचा फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी पंप थेट बॅटरीला जोडा. त्याआधी सॉकेटमधली धन वायर कोणती ते बघून घ्या. थेट जोडल्यावर धार उसळली तर पंप चांगला आहे आणि वायरिंग वाईट. थेट जोडूनही तोच दमलेला आवाज आणि तीच धार, तर पंप गेला.

पंप बदलायचाच असेल तर

आधी दोन तोंडांच्या, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे पाणी देणाऱ्या पंपाची एक खास तपासणी करा. त्याच्या आतला छोटा पडदा पाणी पुढे किंवा मागे वळवतो. तो झिजला की पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. पुढची धार चालू असताना मागे जाणारी नळी बोटांनी घट्ट दाबा. पुढची धार लगेच सुधारली तर दोष त्या पडद्याचा आहे, आणि अशा वेळी पंप बदलण्याला पर्याय नाही.

नवा पंप घेताना जुना सोबत न्या. तोंडांची संख्या, त्यांची दिशा, ग्रोमेटमध्ये जाणाऱ्या भागाची जाडी आणि सॉकेटचा आकार, चारही जुळायला हवेत. बसवण्याआधी बादलीत बुडवून चालवून बघा. आणि सॉकेट जुळत नाही म्हणून वायरी कापून जोडल्या असतील तर धन-ऋण उलटं झालं नाही ना, हे दोनदा तपासा. एका तोंडाचा पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त कमजोर देतो. नवा पंप, नवी नळी, तरीही मेलेली धार, यामागे हे कारण अनेकदा असतं. दोन तोंडांच्या पंपात तीच चूक झाली तर पुढची दांडी ओढल्यावर मागची काच धुतली जाते.

नेम धरणे आणि टाकीत काय भरायचं

धार जोरात आली तरी ती योग्य जागी पडायला हवी. गाडी उभी असताना धार काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडू द्या. वेगात वारा तिला खाली दाबतो. उभ्या गाडीत मधोमध लावलेली धार हायवेवर वायपरच्या बुडाशी पडते. गोळीच्या नोझलमध्ये जाड सुई हलकेच घालून गोळी फिरवा, एका वेळी अगदी थोडी. पंख्याच्या नोझलमध्ये काहींना मागे छोटा स्क्रू असतो, काहींचा नेम बदलता येतच नाही.

टाकीत तयार वॉशर द्रव किंवा पाण्यात मिसळायचं कॉन्सन्ट्रेट भरा, आणि पाणी डिस्टिल्ड किंवा निदान क्षार कमी असलेलं घ्या. नुसतं पाणी वापरू नका. कारण फक्त शेवाळ नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंड-वेल्समधल्या एका अभ्यासात, वॉशर द्रव न घालता नुसतं पाणी भरण्याचा संबंध लिजनेअर या फुप्फुसाच्या आजाराशी आढळला होता. साचलेल्या कोमट पाण्यात त्याचे जिवाणू वाढतात आणि बारीक फवाऱ्यातून श्वासात जाऊ शकतात. भांडी घासायचा साबणही नको. फेसात पंपाचं चाक नुसतं फिरतं, दाब तयार होत नाही, आणि काचेवर रात्री दिव्यांत चमकणारा थर राहतो. कूलंट तर चुकूनही नको. ते काचेवर तेलकट पसरतं, आणि विषारीही असतं. पाणी गोठेल इतकी थंडी पडत असेल तर त्या तापमानासाठी बनवलेलाच द्रव हवा. टाकीत बर्फ झाला तर टाकी आणि पंप दोन्ही फुटतात. आधीचा द्रव वेगळ्या प्रकारचा असेल तर टाकी रिकामी करून मगच नवा भरा.

सगळं जोडून झाल्यावर बॉनेट बंद करून धार मारा, मग बॉनेट उघडून प्रत्येक जोडाला कोरडं बोट लावून बघा. शेवटी नोझलखालची नळी काढून दहा सेकंदांचं माप पुन्हा घ्या, आणि तो आकडा तारखेसह टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी धार कमी वाटली, तर वाटतंय की खरंच कमी झालीय, हे ठरवायला एक बाटली आणि दहा सेकंद पुरतील.